हातात गिटार दिली आहे, तर ती वाजू द्या

प्रति,
गावोगावची उत्सव मंडळे, सांस्कृतिक मंडळे, आणि दिवाळी पहाट, कोजागिरी, वर्धापनदिन अशा निमित्तांनी गाण्यांचे कार्यक्रम ठेवणाऱ्या सर्व संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकर्ते यांस,



मी मिरजेचा. १९९७ च्या गणेशोत्सवात पहिल्यांदा ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन उभा राहिलो, तेव्हापासून हेच काम करतो आहे. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव, कोकणात रत्नागिरीपर्यंत, आपल्यापैकी अनेकांच्या स्टेजवर मी वाजवलं आहे. आपण मला पाहिलं असेल. गायकांच्या मागे, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या मध्ये जो उभा असतो, तो मी. हिंदी-मराठी चित्रपटगीतं वाजवतो. माझं स्वतःचं एकही गाणं नाही आणि तशी हौसही कधी नव्हती. लोकांच्या ओठावर असलेलं गाणं त्यांच्यासमोर, त्या क्षणी, हाताने उभं करणं हे माझं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं.

हे पत्र लिहायचं कारण मागच्या कोजागिरीला घडलं.

एका गावात मोठं मैदान, सुंदर स्टेज, फ्लेक्सवर ठळक अक्षरात ‘लाइव्ह वाद्यवृंद’. आम्ही सात वादक. कार्यक्रमाला पंधरा मिनिटं असताना आयोजकांपैकी एक जण मागे आले आणि म्हणाले, साउंडचा त्रास नको, सगळी गाणी लॅपटॉपवरून ट्रॅकवर होतील. तुम्ही मंडळी नुसती वाद्यं घेऊन उभी राहा, वाजवल्यासारखं करा, स्टेज भरलेलं दिसतं. माझ्या गिटारची वायर मिक्सरला लावलेलीही नव्हती. मी उभा राहिलो. अडीच तास. घरून निघताना मुलीच्या क्लासच्या फीचा हिशेब डोक्यात होता, म्हणून उभा राहिलो. ते मी लपवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा स्टेजजवळ आला. गिटार शिकत होता. त्याने फोनवर माझ्या डाव्या हाताचं चित्रण केलं होतं. म्हणाला, “काका, तो मधला पीस तुम्ही तिसऱ्या फ्रेटवर घेतलात. मला तो सातव्यावर सापडतो. तिसऱ्यावर कसा येतो, दाखवाल?” तो पीस तिसऱ्या फ्रेटवर येतच नाही. ट्रॅक कुठल्या स्केलचा आहे हेही मला नीट ऐकू येत नव्हतं, हात जिथे पडेल तिथे मी फिरवत होतो. हजारभर माणसांत त्या एकट्याने माझ्या हाताकडे नीट पाहिलं होतं. मी त्याला खरं ते सांगितलं, की बाळा, मी वाजवलं नाही. त्याने फोन खिशात घातला, बरं म्हणाला आणि निघून गेला. त्याचा तो चेहरा अजून डोळ्यासमोरून हलत नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती ही. ट्रॅकवर कार्यक्रम करायचा असेल तर खुशाल करा. माझा ट्रॅकवर राग नाही. आमच्या भागात कराओकेची मंडळं निघाली आहेत. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतली माणसं आठवडाभर तालीम करून रविवारी गातात. आयुष्यभर मनात राहिलेलं गाणं साठाव्या वर्षी माइकवर गाण्यात जो आनंद आहे, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. त्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘कराओके’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आपणही तसंच लिहा. पण फ्लेक्सवर ‘लाइव्ह’ लिहून, लोकांकडून तिकीट नाहीतर वर्गणी घेऊन, आम्हाला शोभेसाठी उभं करू नका. यात ऐकणाऱ्याची फसवणूक आहे आणि वाजवणाऱ्याचा अपमान आहे. यापुढे मी असा उभा राहणार नाही.

आमच्या कामाविषयी एक वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकू येतं: “दुसऱ्यांचीच तर गाणी वाजवायची, त्यात काय एवढं?” बहुतेक वेळा हे मानधन ठरवताना म्हटलं जातं, म्हणून त्याला थोडं सविस्तर उत्तर देतो.

मी शिकलो तेव्हा या गाण्यांचं नोटेशन कुठे मिळत नसे. कॅसेट लावायची, चार सेकंदांचा पीस ऐकायचा, मागे फिरवायची, पुन्हा ऐकायचा. गायकाच्या आवाजाखाली, व्हायोलिनच्या ताफ्यामागे दडलेली गिटार शोधून काढायची. त्यात प्रत्येक टेपरेकॉर्डरचा वेग थोडा वेगळा. गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच कुठेतरी लटकायचं. मग आधी त्या टेपशी गिटारच्या तारा मिळवायच्या, गाणं काढायचं आणि नंतर ते खऱ्या सुरात आणायचं. संगीतकार पंचमदांच्या एकेका गाण्याला मला आठ-आठ दिवस लागले आहेत. कॉर्ड सापडायची, पण हाताची लय सापडायची नाही. उजव्या हाताचा झटका कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, यात त्या गाण्याचा जीव असतो.

आणि ते मूळ वाजवणारे कोण होते? १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार आपल्या स्टेजवर शेकडो वेळा वाजली आहे. ती मूळ वाजवली भूपिंदर सिंग यांनी. आपण त्यांना गझलगायक म्हणून ओळखतो. ‘शोले’तला अमिताभच्या हातातला माउथऑर्गन सगळ्यांना आठवतो. तो वाजवणारे भानु गुप्ता पंचमदांकडे गिटारही वाजवत. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं असत. वाजवणाऱ्यांची क्वचितच. गोव्याच्या माजोर्ड्याहून मुंबईत आलेले अँथनी गोन्साल्विस हे मोठे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरू. त्यांचं नाव देशभर गेलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे, आणि तेही शिष्याने आठवण ठेवली म्हणून. गाणं ऐकणाऱ्या लाखोंना असा कुणी खरा माणूस आहे याची कल्पना नव्हती.

स्टेजवर मी या माणसांचं काम पुढे नेत असतो. ते नेताना चूक झाली तर ती आपल्या प्रेक्षकांना लगेच कळते, कारण प्रत्येकाच्या डोक्यात मूळ गाणं पक्कं बसलेलं असतं. स्वतःचं गाणं वाजवणाऱ्याला निदान ती भीती नसते. ‘अश्विनी ये ना’ सुरू झालं आणि सुरुवातीचा ठेका अर्ध्या मात्रेने सरकला, तर पहिल्या रांगेतल्या आजीसुद्धा मान वर करून पाहतात. असे कान आपल्या लोकांना आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे वाजवायला मजा येते.

आता स्केलची गोष्ट. ही बारीकसारीक वाटेल, पण आमच्या निम्म्या अडचणी इथल्या आहेत. गाणं आम्ही पांढरी तीनमध्ये बसवून आणलेलं असतं. ऐन वेळी गायक म्हणतात, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं एक बटण दाबलं की झालं. गिटारला असं बटण नसतं. कॅपोचा चिमटा लावून मला वर जाता येतं, खाली उतरता येत नाही. आणि गिटारची सगळ्यात खालची तार पांढरी तीनचीच असते, तिच्याखाली काही नसतं. काळी दोनमध्ये जायचं तर सहाही तारा उतरवून पुन्हा मिळवायच्या, नाहीतर मोकळ्या तारांचा झंकार सोडून सगळ्या तारा बोटाने दाबून वाजवायचं. दुसऱ्या प्रकारात गाणं होतं, पण त्याचा आवाज कोरडा होतो. मूळ गाण्यात जी तार मोकळी घुमते, ती घुमत नाही. पुढचं गाणं पुन्हा पांढरी तीनचं असेल तर तारा परत चढवायला निवेदकांनी दीड मिनिट तरी बोलायला हवं.

गायकांशी हे आमचं आम्ही पाहून घेऊ. आपल्याकडे मागणं एवढंच, की आपल्या गावातलं कुणी, मंडळाचं कुणी, कार्यक्रमात एखादं गाणं म्हणणार असेल तर गाणं आणि स्केल दोन दिवस आधी कळवा. आम्हाला त्यांची साथ करायला आवडतं. एका गावात बासष्ट वर्षांच्या काकूंनी गायलेलं गाणं माझ्या आठवणीतल्या सगळ्यात चांगल्या कार्यक्रमांपैकी एक आहे, कारण त्यांच्या मुलाने आठ दिवस आधी फोन करून, तंबोऱ्याच्या ॲपवर सूर तपासून, ‘आई काळी पाचमध्ये गाते’ असं नेमकं सांगितलं होतं. त्या काकू जराही डगमगल्या नाहीत. ऐन वेळी नाव पुकारून माणसाला माइकवर ढकललं की तो चुकतो, आम्ही चाचपडतो, आणि त्या बिचाऱ्याला घरी जाताना वाटतं की आपल्याला गाता येत नाही.

वेळेचं सांगायला हवं. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा, हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते दिवस ठरलेले असतात. आपल्याला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, पोलीस ठाण्यात परवानगीसाठी आपणच जाता. तरी सातचा कार्यक्रम आठ वाजता दीपप्रज्वलनाने सुरू होतो, मग स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं. पहिलं गाणं नऊला. दहा वाजता शिपाई येऊन उभा राहतो आणि बावीस गाण्यांची तयारी करून आलेली आम्ही माणसं आठ गाण्यांवर आवरतं घेतो. लोक आमच्याकडे पाहून नाराज होतात. सत्कार जरूर करा. गावासाठी काम केलेल्या माणसाला शाल मिळालीच पाहिजे. पण तो दोन टप्प्यांत करा, किंवा दुपारीच एका छोट्या कार्यक्रमात करा, किंवा पत्रिकेवर गाण्यांची वेळ वेगळी छापा.

साउंड चेकसाठी आम्हाला पाऊण तास द्या. तेवढा पुरतो. स्टेजवर वादकांकडे तोंड करून एक मॉनिटर स्पीकर ठेवायला साउंडवाल्यांना सांगा. तो नसला तर मला माझीच गिटार ऐकू येत नाही, समोरच्या स्पीकरमधून भिंतीवर आपटून आलेला आवाज उशिरा कानावर पडतो आणि त्याच्या मागे मी फरपटत जातो. दिवाळी पहाटेला आणि कोजागिरीला तर हा वेळ जास्तच लागतो. पहाटे पाचच्या थंडीत लोखंडी तारा आखडतात, सूर चढतो. मग स्टेजवरचे दिवे तापले की तोच सूर उतरतो. दोन गाण्यांच्या मध्ये मी मान खाली घालून खुंट्या पिळत असतो. तेव्हा माझं लक्ष कार्यक्रमातच असतं, एवढं समजून घ्या.

आता नावांविषयी. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

मिरज हे तंबोऱ्याचं आणि सतारीचं गाव. आमच्या सतारमेकर गल्लीत भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत एकेका वाद्यावर महिनोन्‌महिने काम चालतं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी हे गाव आपलं मानलं. १९३७ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ गावातल्या दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. मी लहानपणापासून तिथे बसत आलो आहे. शास्त्रीय संगीताच्या मैफलीची कुठलीही पत्रिका उघडा, गायकाच्या नावाखाली तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण, हे छापलेलं असतं. निवेदक तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचीही नावं घेतात. ही आपलीच रीत आहे, याच मातीतली. ती ऑर्केस्ट्राच्या पत्रिकेवर येताना कुठे गळून पडते?

आमच्या पत्रिकेवर गायक असतात, निवेदक असतात. त्याखाली प्रायोजक, प्रमुख पाहुणे, मंडळाचे सव्वीस पदाधिकारी, मंडपवाले, ध्वनिव्यवस्था. वाजवणारे सात जण ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत बसवलेले असतात. पुष्कळदा तेही दोन शब्द नसतात.

हा नुसता मानापमानाचा विषय असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आमच्या पार्टीत एक ॲकॉर्डियनवादक होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. १९७० च्या दशकापासून त्यांनी वाजवलं. शंकर-जयकिशनची गाणी त्यांच्या भात्याखाली अशी उघडायची की समोरची माणसं गप्प व्हायची. पुढे कीबोर्डमध्ये ॲकॉर्डियनचा आवाज आला, काकांना बोलावणं कमी झालं. मग मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं. मध्ये काही महिने अर्ध्या क्षमतेने नाट्यगृहं उघडली, पुन्हा बंद झाली, आणि शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तोवर काका खचले होते. आम्ही त्यांना म्हटलं, सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, तिथे अर्ज करू. अर्जाला कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडायचे असतात. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पत्रिकांचा गठ्ठा होता. मी आणि कीबोर्डवाला मित्र, आम्ही दोघं एक अख्खी दुपार त्यांच्या खोलीत बसून एकेक पत्रिका उलगडत होतो. दीडशेच्या वर पत्रिका. त्यांतल्या चार पत्रिकांवर त्यांचं नाव सापडलं. एकीवर चुकीचं. काका शेजारी बसून प्रत्येक पत्रिकेला सांगत होते, इथे मी हे वाजवलं, इथे दोनदा वन्समोअर आला. आम्ही ऐकत होतो, आणि कागदावर काही नव्हतं.

चार पत्रिका आणि दोन मंडळांची पत्रं जोडून आम्ही अर्ज केला. निकाल यायच्या आधी काका गेले.

ती दुपार आठवली की मला आपल्या छापखान्यात चाललेल्या प्रत्येक मजकुराची काळजी वाटते. एक ओळ लागते. सात नावं एका ओळीत बसतात. आणि कार्यक्रमात निवेदकांनी मध्यंतराआधी ती एकदा वाचावीत. सगळे घरी जायला उठलेले असताना, शेवटच्या गाण्याच्या गोंधळात वाचलेली नावं कुणाच्याच कानावर पडत नाहीत.

मानधनाबद्दल थोडक्यात. १९९७ मध्ये मला एका रात्रीचे दीडशे रुपये मिळाले होते. आज दोन ते अडीच हजार मिळतात, हंगाम असला तर. गणपती, नवरात्र, दिवाळी हे महिने सोडले तर महिन्याला दोन-तीन कार्यक्रम, पावसाळ्यात तेही नाहीत. बाकीच्या दिवशी मी शिकवण्या घेतो. चांगल्या तारांचा एक संच सातशे रुपयांचा आणि हंगामात तो महिनाभरही टिकत नाही. घासाघीस करायचा आपल्याला हक्क आहे, बजेट आपल्यालाही जुळवायचं असतं. पण एकदा आकडा ठरला की तो त्याच रात्री द्या. ‘वर्गणी जमली की देतो’ हे ऐकून मी एका मंडळाकडे चार महिने फेऱ्या मारल्या आहेत. मंडपवाल्याला आणि जनरेटरवाल्याला आपण थांबवत नाही, कारण ते सामान उचलून नेतील हे माहीत असतं. आमचं सामान वाजून हवेत गेलेलं असतं, उचलून न्यायला काही उरत नाही.

आणि रात्रीचं जेवण वेळेवर द्या. आम्ही कार्यक्रमाआधी जेवत नाही, नंतर गाव झोपलेलं असतं, आणि पुढे घाट ओलांडून शंभर किलोमीटर जायचं असतं. गाडी चालवणारा आमच्यातलाच एक असतो. आंबा घाटात पहाटे तीन वाजता डोळा लागू नये म्हणून आळीपाळीने त्याच्याशी बोलत बसलेले आम्ही, हे आपल्याला दिसत नाही म्हणून सांगितलं. लांबचं गाव असेल तर रात्री अंग टाकायला शाळेची एक खोली मिळाली तरी खूप.

हे सगळं करणारी मंडळंही मी पाहिली आहेत. कोल्हापूरकडच्या एका लहान गावात सरपंचबाईंनी स्वतः स्टेजमागे येऊन प्रत्येक वादकाला नाव विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि माइकवरून वाचलं. बजेट आपल्यातल्या कित्येकांपेक्षा कमी होतं. त्या रात्री आम्ही यादी संपल्यावर आणखी चार गाणी वाजवली, कुणी न सांगता.

नावाबद्दल एवढं लिहून या पत्राखाली मी माझं नाव घालत नाही, त्याचं कारण सांगतो. माझ्या नावावरून पार्टी ओळखू येईल आणि पार्टीवरून मंडळं. मला पुढच्या हंगामात कुणी बोलावलं नाही तर मी शिकवण्यांवर निभावेन. बाकीच्या सहा जणांची कामं माझ्या पत्रामुळे जाऊ नयेत.

लवकरच आपल्या उत्सवाच्या पत्रिका छापायला जातील. मजकूर छापखान्यात देण्याआधी गायकांच्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवा, ज्यांना कार्यक्रम दिला आहे त्यांना फोन करा आणि विचारा, गिटारवर कोण आहे, ढोलकीवर कोण आहे, कीबोर्डवर कोण आहे. नावं दोन मिनिटांत मिळतील. ती नीट लिहून घ्या.



आपला,
एक गिटारवादक
मिरज